आयटीआयच्या फाटकासमोर सुके बोंबील

मी अर्नाळ्याचीच. जन्म इकडचा, लग्नही इकडेच, दोन गल्ल्या सोडून. शाळा दुसरीपर्यंत, मग आय बाजारात जायची म्हनून मी घरात, भाऊ सांभाळायला, ती शाळा तिथंच सुटली. काय सांगू तुमाला ताई, सगळा जन्म मासळीत गेला. नवरा दर्यात गेला तो आला नाय, माझा दिनेश तेव्हा सात वर्षांचा, तेरावं झालं आनि मी पाटी घेऊन बाजारात बसले. रडत बसून काय मासळी थांबते? तुमी बसा, मी मधेमधे रस्त्याकडे बघेन, राग मानू नका, आज नातीच्या फारमाचा शेवटचा दिवस, तिचा फोन यायचाय, जीव जागेवर नाय.

तर दिनेश. त्याला लहानपनापासून इंजिनाचं येड. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की हा मिस्त्रीच्या मागं मागं, जेवायला हाका मारल्या तरी यायचा नाय. मिस्त्री बोलला, मावशे, पोराला माझ्याकडे ठेव, हात चांगला आहे याचा. मी बोलले, काळे हात करून घ्यायला बारावी केला काय त्याला? त्या वर्षी जत्रेत एक मानूस टेबल टाकून बसलेला, टाय लावून, मोठ्या जहाजावरच्या नोकरीचा कोर्स. मी त्यालाच विचारलं, कोर्स चांगला आहे ना? तो बोलला, मावशी, एक नंबर. आता बघा, माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, ते मला विचारतं काय मासा ताजा आहे का म्हनून? विचारलं तर मी हो बोलनारच. शानं गिऱ्हाईक कल्ला उघडून बघतं, आत लाल आहे की नाय. आनि मी, जन्मभर पाटीच्या मागं बसलेली बाई, पोराच्या येळेला कल्ला बघायला विसरले. त्या कोर्सचा कागद कुठंच चालला नाय. दिनेश आचोळ्याला एका सोसायटीच्या गेटवर उभा असतो, वीस वर्षं झाली. मला एका शब्दाने बोलला नाय कधी. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता त्याची पोर, प्राची, बारावी झाली. बापाचं येड तिच्यात उतरलंय. सुट्टीच्या दिवशी दिनेश शेजाऱ्यांची इंजिनं खोलतो, ही बाजूला बसून पाना दे, नट काढ, तोंडाला काळं लागलेलं, भान नाय. आनि हाच बाप एक दिवस फारम घेऊन आला, सोपाऱ्याला पहिल्या माळ्यावर कोनाचं ऑफिस आहे, कम्प्युटरचा कोर्स, नोकरी पक्की. मी विचारलं, पक्की असं कोन बोललं? तो बोलला, तिकडचे सरच बोलले. 

मग शेजारनीने सांगितलं, निर्मळला एक रिटायर बाई रविवारी वाचनालयात बसतात, बारावीच्या पोरांना पुढचं सांगतात. प्राचीला घेऊन गेले. मी पहिलंच विचारलं, बाई, तुमचं कॉलेज कुठचं? त्या बोलल्या, माझं कुठलंच नाही आजी, मी काही विकत नाही. मला खरं वाटेना, टेबल टाकून बसलेलं आनि काही विकत नाय असं मानूस मी बघितलेलं नाय. त्या प्राचीला विचारायच्या, तुला काय आवडतं गं, आनि उत्तर मी द्यायची. सवय हो. आमच्यात पोरगी बाजारात नवीन बसली की तिच्या पाटीचा भाव म्हातारीच बोलते. तीनदा तसं झालं. मग बाई हसल्या, आजी, बाहेर केळी छान लागलीत, जरा बघून या. गेले, काय करनार. केळी कुठली बघते, कान दाराला. पोर बोलत होती, डिझेल मेकॅनिक, आयटीआय, भराभर बोलत होती. घरात तिला एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

आत येऊन बोलले, मग कुठचं चांगलं ते तुमीच सांगा बाई. त्या बोलल्या, माझ्याही शब्दावर जाऊ नका. दोन्हीकडे जा, गेल्या वर्षीची मुलं भेटतील त्यांना विचारा.

हे मला समजलं.

दुसऱ्या दिवशी वलांडीच्या बांबूंवर सुकवलेले बोंबील पाटीत भरले आनि आयटीआयच्या फाटकासमोर जाऊन बसले. वॉचमन बोलला, मावशी, इकडे कोन घेनार? मी बोलले, तुझी बायको घेईल, घरी ने. दोन दिवस बसले. पोरं सुटली की एकेकाला धरायची, काय शिकलास, मशीनला हात लावायला देतात काय, तुझ्या पुढचे कुठं कुठं लागले. एक बोलला, मशीनी जुन्या आहेत पन खोलायला देतात. एक पोरगी कागद न्यायला आलेली, बोलली, वर्गात आमी दोघीच होतो, पयले पोरं हसायची, आता मी गॅरेजला लागले. तिसऱ्या दिवशी सोपाऱ्याला, त्या ऑफिसच्या जिन्याखाली. संध्याकाळपर्यंत बसले. आय-बापाबरोबर फारम भरायला वर जानारी पोरं दिसली, गेल्या वर्षीचं एक भेटलं नाय. वरचा मानूस खाली आला, बोलला, आजी, इथं बसू नका, वास येतो.

काल दिनेशला सगळं सांगितलं, आयटीआयमधून आनलेला फारम पुढं ठेवला. तो बोलला, आये, पोरगी तेलात हात घालनार? मी बोलले, तुला मी घालू दिले नाय, ती माझी चूक, तू परत करू नको. वीस वर्षांत पहिल्यांदा बोलले. तो जेवता जेवता उठला. आज सकाळी आयटीआयचा फारम खिशात घालून ड्युटीवर गेला, सही केली नाय, फाडला पन नाय. प्राची त्याच्या मागं आचोळ्याला गेलीय, तिला जाऊन पन किती येळ झाला.

थांबा, वाजला.

हां, तीच होती. सही केली बोलते, गेटवरच, रजिस्टरच्या पेनाने. दोघं रिक्षात आहेत, फारम द्यायला चाललेत. मग बापाने तिच्या हातातून फोन घेतला. काय विचारतो माहीत आहे काय ताई? आये, तू आयटीआयसमोर बसलेलीस, तेव्हा माझ्या वयाचं कोन बघितलंस काय आत जाताना?

नाय बघितलं. खोटं कशाला बोलू. पन मी विचारलंच नव्हतं कोनाला.

तो वरचा बोंबलांचा डबा तेवढा खाली काढा ताई, माझा हात पोचत नाय. उद्या परत जाऊन बसते.