फिटरच्या खिशातली किल्ली

नाव व पत्ता वर नोंदवल्याप्रमाणे. वय ४१. व्यवसाय : गोदामांतील स्वयंचलित यंत्रणांची आखणी. काम अडवल्याची तक्रार गोदामाच्या व्यवस्थापकांनी माझ्याविरुद्ध दिली आहे. त्याबाबत विचारल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की,

सदर गोदामात माल ठेवायला-काढायला माणसं लागत नाहीत. उंच रॅकच्या दोन रांगांमधल्या अरुंद गल्लीत क्रेन धावते आणि हवा तो खोका आणून देते. ही यंत्रणा मी आखली. दुरुस्तीला गल्लीत शिरणाऱ्याने क्रेनची किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवायची, असा नियम आहे. किल्ली परत लागेपर्यंत क्रेन जागची हलत नाही. डुप्लिकेट किल्ली मी मुद्दामच ठेवलेली नाही.

काल दुपारी क्रेन सुरू होईना. किल्ली जागेवर नव्हती. सकाळी फिटर आत गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. बाहेर गाड्या खोळंबल्या होत्या. व्यवस्थापक म्हणाले, "अहो मॅडम, गेला असेल तो घरी. किल्लीशिवाय लॅपटॉपवरून चालू करा, तुम्हाला येतं ते."

मला ते येतं. मी म्हटलं, "असेल म्हणजे? गेलाय की नाही तेवढं सांगा." त्यावर माझं डोकं फिरलंय, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. मला राग आला. मी लॅपटॉप मिटून मांडीवर घेऊन बसले आणि गोदामातल्या दोघांना शिडी घेऊन गल्ली तपासायला पाठवलं. गल्ली लांब आहे, वरच्या कप्प्यांत अंधार असतो, त्यामुळे वेळ लागला.

ते आत असतानाच फिटरची बायको किल्ली घेऊन आली. अंगात ताप भरला म्हणून फिटर कोणाला न सांगता घरी जाऊन झोपला होता. किल्ली धुवायच्या पँटच्या खिशात सापडली. व्यवस्थापकांनी तिलाच फैलावर घेतलं. मग तिने मला विचारलं, "ताई, हे सगळं ह्यांच्यासाठी थांबवलं होतं?" मी हो म्हटलं. ती बाकावर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. दोघं बाहेर आल्यावर मी किल्ली लावून क्रेन सुरू करून दिली.

गाड्या उशिरा सुटल्या, नुकसान झालं, हे मला मान्य आहे. फक्त तक्रारीत "आत कोणी नसताना काम अडवले" असं लिहिलं आहे. माझ्या जबाबात त्याजागी "आत कोणी आहे की नाही हे कोणालाच माहीत नसताना" असं लिहावं, अशी माझी विनंती आहे. लिहून घेणारे साहेब म्हणतात, दोन्ही एकच. एकच नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. वरची दुरुस्ती घेतली आहे, आता तो मी सांगितला तसाच आहे, म्हणून सही करते.