तोरणामागची ओळ

बारा मे. ऊन असं की कूलरही गरम हवा फेकत होता. वेबसाइट बनवायचं, कुणालाही फुकट वापरता-बदलता येणारं एक मुक्त-स्रोत फ्रेमवर्क आहे. त्यातली माहिती पडद्यावर कशी दिसावी, तो भाग मी धरमपेठेतल्या घरून सांभाळतो. त्यात एक जुना बग होता: प्रत्येक पानाच्या वर एक रिकामी ओळ सुटायची. त्या दिवशी मी ती काढली आणि नवी आवृत्ती सोडली.

सावनेरच्या एका दवाखान्यात टीव्हीवर पेशंटची नावं दिसतात. तो फलक मीच याच फ्रेमवर्कवर बनवून बसवलेला, त्यामुळे नवी आवृत्ती तिथंही आपोआप पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं नंबर लावणाऱ्या वनिताताईंचा फोन.

"काय करून ठेवलं भाऊ? ज्याचा नंबर, त्याचंच नाव दिसून नाही राहिलं. दुसराच माणूस आत घुसते. भांडणं लागली ना इथं!"

"टीव्हीचा फोटो पाठवा ताई."

फोटोत टीव्हीच्या वरच्या कडेवर प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण लोंबत होतं. आजवर त्याच्यामागे रिकामी ओळ असायची. आता पहिलं नाव होतं.

"तोरण जरा वर बांधता का?"

"डॉक्टरसाहेबांच्या आईनं बांधलं ते उद्घाटनाले. समोरच बसून आहेत त्या. देऊ का फोन?"

मागून आवाज आला, "कोण आहे वं?"

"नका देऊ," मी म्हणालो.

पुढच्या आवृत्तीत पानाच्या वर रिकामी ओळ ठेवायची सोय आली. एरवी ती बंद असते. सावनेरला चालू आहे.