रंगीली नाही, मनी

माझी पोर मनीषा. अन्याय तिच्यावर झाला, आणि तो मला दिसला गेल्या श्रावणात, आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या रविवारी सकाळी, नैवेद्याच्या रोटाची कणीक मळताना. मी सांगते, तू लिहून घे पोरी; हे आधी लिही, मग माझं लिही.

मी अलकाबाई. गाव पारोळ्याकडचं, पण लग्न होऊन सुरतेत आले ती इथलीच झाले, नवागामला एक खोली, आमचे मालक कापडाच्या लूमवर कामाला, मी घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापते. मनी इथंच जन्मली. शाळेत मनीषा, घरात मनी. आमच्या अहिराणीत मनी म्हणजे माझी, त्यामुळं हाक मारली की दोन्ही व्हायचं, नाव पण आणि माझी पण. गुजराती असं फाडफाड बोलायची की भाजीवाल्यापुढं मला म्हणायची, माय, तू गप ऱ्हाय, तू भाव पाडाले जास नि चढाईसन येस.

बारावीनंतर ती साड्यांच्या घड्या घालायला एका पॅकिंगच्या कारखान्यात लागली. एक दिवस हसत घरी आली. शेठच्या माणसानं नवी साडी खांद्यावर घ्यायला लावली, रंग कसा उठतो बघू म्हणाला, आणि मोबाइलवर फोटो काढला. मी रागावले, कोणाला विचारून काढू दिला? तर म्हणते, माय, रंगना फोटो शे तो, मना नही. माझ्या पोरीला पण असंच वाटलं बघा, रंगाचा फोटो.

सहा महिन्यांनी डेंग्यूनं गेली. आठ दिवसांत. तिचा मोबाइल आहे माझ्याजवळ, त्यात तिचे सगळे फोटो, पण त्याचं लॉक तिलाच ठाऊक. घरात उरला आधार कार्डावरचा फोटो, त्यात ती पकडून आणल्यासारखी दिसते. हसणारी मनी माझ्याकडं नव्हतीच.

तर कानबाईचा रविवार. शेजारची शोभा देवीला नेसवायला नवी साडी घेऊन आली, आणि खोक्यावर मनी. दात दाखवून हसणारी, खांद्यावर जांभळी साडी, खाली नाव छापलेलं, रंगीली. काय सांगू तुम्हाला, पिठाच्या हातानंच मी ते खोकं छातीशी धरलं, सोडेचना. शोभा म्हणते, अगं साडी तरी काढू दे, देवी बिनसाडीची बसलीय.

दुसऱ्या दिवशी कानबाई बोळवली आणि मंगळवारी खोकं घेऊन कापड मार्केटात शेठच्या दुकानी गेले. शेठनं बघितलं न बघितलं, म्हणाला, आ तो अमारी रंगीली छे. अमारी! कोणाची अमारी? माझं गुजराती, हिंदी सगळं पळालं, तोंडातून एकच निघालं, मनी शे, मनी शे. त्याला वाटलं नाव सांगतेय. म्हणाला, ठीक छे, मनी, तो मनीने लई आवो. घेऊन या म्हणे. कुठून आणू?

मग मी एक वकीलबाई गाठल्या, त्यांनी शेठला नोटीस धाडली. उत्तर आलं, माणूस मेलं की त्याच्या चेहऱ्यावरचा हक्कही संपतो, तो आईला मिळत नाही. अस्सं? हक्क मेला, मग तोंड कसं जितं ठेवलं दुकानात? वकीलबाई म्हणाल्या, कायद्याचं काही खरं नाही, पण लढू, सगळी खोकी जप्त करून जाळायला लावू. मी म्हटलं, बाई, तेवढं नका. एकदा जाळलं तिला.

मला काय पाहिजे ते साधं आहे. ते नाव काढा, आणि शेठच्या माणसाच्या मोबाइलमधला अख्खा फोटो मला द्या. खोक्यावर तिचा डावा हात कापलाय. त्या हातात माझी बांगडी होती.

आता केस चालू आहे, तारखा पडतात, मी जाते. गल्लीतल्या बाया रिकामी खोकी आणून देतात, फळीवर अकरा झालीत. शोभा म्हणते, अलका, दुकान मांडलं तू, नि अंगावर तीच जुनी साडी. मी हसते. फळीवर अकरा मन्या हसतात, एकीलाही तो हात नाही.

तुम्ही वाचताय ना, तुमच्या घरात पण साडी आली असेल. उठा. कपाट उघडा. जांभळ्या साडीतली हसरी पोर दिसली तर खोकं फेकू नका. रंगीलीवर काट मारा. खाली लिहा, मनीषा, अलकाबाईची. आत्ता लिहा, मी वाट बघतेय.