हात पुढं कर

गुऱ्हाळाच्या चुलवानात उसाची चिपाडं सारा, जवळ सरका अन् ऐका. हुंकार देत ऱ्हावा. ही गोष्ट सांगताना मलाच भ्या वाटतंय.

केरबा सुतार दिवेलागणीला शेजारच्या गावातनं निघाला. दाराची चौकट बसवून दिली व्हती. संगं आठ वर्साची लेक, हौसा. तिच्या हातात कंदील, ह्याच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी. लोक म्हनलं, आज ऱ्हावा. ओढ्यात चकवा हाय, मानसाला गोल फिरवून डोहात घालतो. पन केरबा हट्टी, त्याच्या बासारखा. निघाला.

दोघं ओढ्यात उतरली. चालली, चालली. करंजाचं झाड आलं. परत चालली. परत त्योच करंज! हौसा कंदील धरून मागनं. ती बापापुढं कधी बोलायचीच न्हाई.

मग आवाज आला. खर्र... खर्र... कोनतरी लाकडावर रंधा मारतंय. ओढ्यात, अंधारात! केरबा थबकला. मग खोकला आला. त्यो खोकला केरबाला ठावा. त्याच्या बाचा. बा तर हौसा जन्मायच्या आधीच मेलेला.

आता त्या म्हाताऱ्याचं सांगतो. पोरानं फळी वाकडी कापली की मोजायचा लाकडी गज उचलायचा अन् म्हनायचा, हात पुढं कर. रडला तर दुसरा हात. केरबा असा शिकला सुतारकी.

अंधारातनं आवाज आला, "हात पुढं कर."

अन् चाळिशीच्या बाप्यानं हात पुढं केला, ऐका. मन नको म्हनतंय, हात आपसूक जातोय. गार, ओल्या बोटांनी मनगाट धरलं. डोहाकडं वढायला लागलं. पानी गुडघ्याला आलं.

त्यानं लेकीकडं बघितलं. तिनं डोळं गच्च मिटलेलं. तळवा वर. तिनंबी हात पुढं केलेला.

"तू का गं?"

"आप्पा, तुमीच म्हनला न्हवं."

आज्याचा आवाज तिनं कधी ऐकलाच न्हवता. तिला ऐकू आला त्यो केरबाचा, घरातला, रोजचा. तेवढ्यात त्याच्या मनगटावरची बोटं सुटली अन् लेकीकडं निघाली. कवळा हात गावल्यावर जुना कशाला पायजे?

"हौसा, मूठ आवळ. माझ्याकडं ये," केरबा म्हनला.

"हौसा, हात पुढं कर. माझ्याकडं ये," अंधार म्हनला.

दोनी आवाज एकच. पोर मधी उभी. तिला दोनीकडनं मारच ठावा.

केरबा पान्यात गुडघ्यावर बसला. रडला. "पोरी, मला लई भ्या वाटतंय गं."

असं त्यो जन्मात बोलला न्हवता. पन हौसा त्याच्याकडंच धावली. भ्या तिला चांगलं ओळखू यायचं, अन् भुताला कुटलं आलंय भ्या? तिला गळ्याशी धरून त्यो पळाला, हत्यारं तितंच टाकून. गावची कुत्री भुंकली तवा थांबला.

त्यानंतरबी लई दिस, काय चुकलं की हौसाचा हात आपसूक पुढं यायचा. केरबा त्यो हात धरून बसायचा.

त्या वाटंनं जाऊ नका. कवाच जाऊ नका. पन चकवा तितंच बसून हाय म्हनता व्हय? शिरपा, मघाशी रसाची घागर सांडली तवा तू नुसता "ए" म्हनलास, अन् तुझ्या धाकट्या पोरीनं हात पुढं केला. मी बघितलं.

जा, खोपीत पोरीकडं जा. ती झोपलेली न्हाई अजून.