बंडूभाऊंचे शॉकअप

त्या दिवशी मी बंडूभाऊंच्या गाडीचे शॉकअप, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, सैल केले की नाही, हे मला खात्रीनं सांगता येत नाही. आठवणीवर माझा भरवसा नाही. सिंदी गावचे हे कापड दुकानदार अंगानं जाडजूड. ते बसले की मोटारसायकल मागून दबायची, म्हणून मीच शॉकअप शेवटच्या खाचेपर्यंत कडक करून दिले होते. पुढे उन्हाळ्यात ते तणतणत आले.

"सर, काय करून ठेवलं? गाडी घोड्यावानी उसळून राह्यली. माई कंबर गेली!"

मला धडकीच भरली. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं आणि मित्राची कंबर मोडली! पाना घेऊन मी खाली बसलो. तेवढ्यात सोबत आलेल्या वहिनी म्हणाल्या, "गाडीले काऊन बोलता? पँट पाहा, कशी घसरून राह्यली. सर, हे दिवसभर पाणी पेतात अन् वाळतच चालले."

पाना टाकून मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. साखर भलतीच वाढली होती. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले.

औषधपाण्यानं त्यांचं अंग पुन्हा पहिल्यासारखं भरलं. नंतर बंडूभाऊ गावभर सांगायचे, "सरनं शॉकअप ढिले केले, तवापासून गाडी लोण्यावानी चालते."

बऱ्याच वर्षांनी त्यांनी गाडी विकायला काढली, तेव्हा मी गुपचूप वाकून पाहिलं. दोन्ही शॉकअप शेवटच्याच खाचेत होते.