सतरा नंबरची खुंटी

हेल्का : ...आणि कोट तरी काढ, दादा. आल्यापासून दारातच उभा आहेस. सिल्वी काय खाणार आहे तुला?

आर्वो : मी बसायला आलेलो नाही. तुला सोडायला आलोय. बर्फ थांबलंय तोवर परत निघायचं.

सिल्वी : बसा हो, आर्वोकाका. कॉफी ठेवलीय. निसूचा पावही आहे, सकाळीच भाजला.

आर्वो : वेलदोडा घातलाय?

सिल्वी : भरपूर.

आर्वो : मग एक कप. एकच.

हेल्का : बघितलंस, सिल्वी? चाळीस वर्षं दफनभूमीतलं गवत कापतोय हा. मेलेल्या माणसांशी याचं उत्तम जमतं. जिवंतांपैकी फक्त तुझ्या वेलदोड्याचं ऐकतो. आता सगळं मीच सांगते, हा काही तोंड उघडायचा नाही. आमच्या आईबाबांच्या थडग्याचा दगड तडकलाय. मेमध्ये जमीन मोकळी झाली की नवा बसवायचा, पण दगडवाल्याला मजकूर याच महिन्यात हवाय. मी म्हटलं, बाबांच्या वर आजोबांचंही नाव घालू, इसाक्कीचं. ते फिनलंडहून इथे अमेरिकेत आले म्हणून तर आपण इथले झालो. तर हा म्हणाला, नाही. का नाही म्हणून विचारलं, तर उठला आणि लाकडं फोडायला गेला. अख्खी दुपार फोडत होता.

आर्वो : लाकडं लागतातच.

हेल्का : एप्रिलपर्यंतची रचून झालीत.

सिल्वी : काका, का नको नाव?

आर्वो : बाबांना शब्द दिलाय. एकाहत्तर साली, दवाखान्यात. म्हणाले, माझ्या दगडावर त्याचं नाव नको. मी म्हटलं, नाही घालणार. विषय संपला.

हेल्का : असा कसा संपला? सांग ना तिला सगळं.

आर्वो : त्यात सांगण्यासारखं काय आहे? बाबा दोन वर्षांचे होते. त्यांना आणि आजीला तिकडे ठेवून तो माणूस इथे तांब्याच्या खाणीत आला. दोन वर्षं पत्रं आली, मग एकदम बंद. आजी वाट बघत बघत गेली, तेव्हा बाबा सात वर्षांचे. मामाकडे वाढले. मामाशी पटेना, म्हणून सतराव्या वर्षी कुणाला न सांगता बोटीत बसले आणि बापाला शोधायला इकडे आले. एकेका खाणीच्या फाटकावर, एकेका खानावळीत जाऊन विचारायचे, इसाक्की लुओमा कुठे असतो? दोन वर्षं विचारत फिरले, सिल्वी. एकानेही ओळख दिली नाही. शेवटी एका खानावळवालीने सांगितलं, ज्यांना सापडायचं नसतं ते पश्चिमेकडे जातात आणि दुसरा संसार मांडतात. ते बाबांच्या काळजात बसलं ते बसलंच.

हेल्का : मी लहानपणी एकदा जेवताना ते नाव काढलं होतं. बाबा भरल्या ताटावरून उठले. आईने मला नुसतं डोळ्यांनी गप्प केलं.

सिल्वी : तुम्ही सांगितलंत म्हणून चर्चच्या जुन्या नोंदींत मीपण दोन महिने इसाक्की लुओमाच शोधत होते. बोटींच्या याद्या पाहिल्या, खाणींची हजेरी पाहिली, सगळं पालथं घातलं. कुठे म्हणून सापडेना. मग एके दिवशी कपाळावर हात मारून घेतला. जी चूक तुमच्या बाबांनी केली, तीच मी करत होते.

आर्वो : बाबांनी काय चूक केली?

सिल्वी : सांगते. आधी हे बघा. फिनलंडमधल्या आपल्या जुन्या गावच्या चर्चमधलं पुस्तक आहे, मी पानांच्या प्रती मागवल्या. तिकडचा पाद्री घराघराचं पान ठेवायचा. घरात कोण कोण आहे, कधी जन्मलं, कुठून आलं, कुठे गेलं, सगळं. आणि माणसाचं आडनाव म्हणजे तो राहतो त्या घराचं नाव. घर बदललं की आडनाव बदललं.

हेल्का : ते कुणाला ठाऊक नाही? आईच्या वडिलांची तीन आडनावं झाली होती. आई म्हणायची, बायको मात्र एकच राहिली.

सिल्वी : ठाऊक सगळ्यांना असतं. पण इथे अमेरिकेत बापाचं तेच मुलाचं, हे इतकं अंगवळणी पडलंय की शोधताना विसरायला होतं. काका, तुमचे बाबा लुओमा कधीपासून?

आर्वो : जन्मापासून.

सिल्वी : नाही. हे लुओमा घराचं पान, तुमच्या बाबांच्या मामाचं घर. इथे खाली नेस्तोरी, जन्म १८९७. आणि पुढे लिहिलंय, १९०१ च्या शरदात आईबरोबर आला, पेर्तुला घरातून. म्हणून मी पेर्तुलाचं पान काढलं आणि नावं सोडून जन्मतारखांवरून बोट फिरवत गेले. आडनाव दहा वेळा बदलेल, जन्मतारीख एकच राहते. हे घ्या, तुम्हीच वाचा.

आर्वो : चष्मा गाडीत राहिला.

हेल्का : कपाळावर आहे.

आर्वो : हं... इसाक्की, गडी. जन्म ९ मार्च १८६८. खाली बायको फ्रेद्रीका. त्याखाली... नेस्तोरी.

हेल्का : बाबा. दादा, आपले बाबा आहेत रे हे. आईबापाच्या खाली, लहानसे. मी त्यांना आईबापाबरोबर कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे, पाहणार तरी कशी, पण... मला जरा पाणी दे, सिल्वी.

आर्वो : या खुणा कसल्या?

सिल्वी : वाचनाच्या परीक्षेच्या. हिवाळ्यात पाद्री एखाद्या घरी येऊन बसायचा आणि आसपासच्या सगळ्यांना बोलावून वाचायला लावायचा. मग वाचलेलं कळलंय का तेही विचारायचा. इसाक्कीला वाचनात पूर्ण खूण आहे, समजण्यात अर्धी.

हेल्का : मग आपलाच आजा. शंकाच नको.

आर्वो : गप बस. सिल्वी, या दोघांच्या नावांवर रेघ मारलीय. त्याच्या नावावर नाही.

सिल्वी : माणूस घर सोडून गेला किंवा वारला की पाद्री रेघ मारायचा. फ्रेद्रीका आणि नेस्तोरी मामाकडे गेले, म्हणून त्यांच्यावर रेघ. इसाक्कीपुढे फक्त 'अमेरिकेत' असं लिहिलंय. पुढच्या पुस्तकातही त्याचं नाव तसंच उतरवलंय, त्याच्याही पुढच्या पुस्तकात तसंच. त्याचं पुढे काय झालं, ते तिकडे कधी कुणाला कळलंच नाही. इथून कुणी पत्र पाठवलं की नाही, ते कुठे लिहिलेलं नाही.

आर्वो : म्हणजे जिवंत होता. लपून बसला होता.

सिल्वी : थांबा ना. तो इथे उतरला तेव्हा तो इसाक्की पेर्तुला होता. त्याची बायको भावाच्या घरी गेली आणि मुलगा लुओमा झाला, हे सगळं तो इकडे आल्यानंतर. तुमचे बाबा तेव्हा चार वर्षांचे. त्यांना जुन्या घराचं नाव कुठून आठवणार? सतराव्या वर्षी ते इथे आले आणि स्वतःच्या आडनावाने बापाला विचारत फिरले. त्या नावाचा माणूस इथे कधी आलाच नव्हता, काका. लोक खोटं बोलत नव्हते.

आर्वो : दोन वर्षं.

सिल्वी : हो.

आर्वो : दोन वर्षं ते चुकीचं नाव विचारत होते.

सिल्वी : मग मी इसाक्की पेर्तुला शोधायला घेतला, तर लांब जावंच लागलं नाही. इथल्या आपल्याच चर्चची अंत्यविधीची वही, खालच्या कपाटातली. मी ती शंभर वेळा हाताळली असेल. वाचू?

हेल्का : वाच.

सिल्वी : 'इसाक्की पेर्तुला, जन्म ९ मार्च १८६८. १४ नोव्हेंबर १९०१ रोजी खाणीत छत कोसळून मरण पावला. बायको आणि मुलगा वसंतात यायचे होते. साउना बांधून झाली आहे.'

(स्टोव्हवरची कॉफी उकळून आटत राहते.)

हेल्का : दादा? ऐकलंस ना?

आर्वो : साउना बांधली होती त्याने.

हेल्का : हो.

आर्वो : खाणीतला एकटा माणूस खानावळीत भाड्याच्या खाटेवर झोपतो. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच खाटेवर पडतो. त्याला वाफेच्या आंघोळीला दुसऱ्याची साउना चालते. स्वतःची कोण बांधतो? आपल्या माणसांनी घराआधी साउनाच बांधली. त्यातच राहायचं, त्यातच बाळंतपण करायचं, मग पुढे घर. बाबांनीही तेच केलं. मी साउनातच जन्मलो. बायकोमुलं येणार नसतील, तर कुणी... साउना बांधत नाही गं, हेल्का.

हेल्का : तो टाकून गेलेला नव्हता.

आर्वो : आणि बाबा पुढे पंचावन्न वर्षं याच गावात राहिले. त्याच्यावर दात धरून राहिले. मलाही तेच शिकवलं आणि मी शिकलो.

सिल्वी : काका, जागापण लिहिली आहे. जुन्या भागात चौथी रांग, नंबर सतरा. वर लाकडी क्रूस होता, तो कधीचाच कुजून गेला असेल. आता फक्त...

आर्वो : लोखंडी खुंटी आहे. वीतभर. बर्चच्या झाडाखाली.

हेल्का : तुला कसं माहीत?

आर्वो : मी कापतो तिथलं गवत. माझ्या यंत्राची दोन पाती मोडली त्या खुंटीने. शिव्या घातल्यात मी तिला. शेवटची काही वर्षं बाबा माझ्याबरोबर यायचे, नुसते बसायला. घरात करमायचं नाही त्यांना. त्या बर्चखाली डबा उघडायचे आणि टोपी काढून त्याच खुंटीवर ठेवायचे. एकदा मी म्हटलं, बाबा, थडगं आहे ते. तर म्हणाले, असू दे, याला कुणी विचारायला येत नाही, हा रागवायचा नाही.

हेल्का : देवा. बापाच्या शेजारी बसून जेवत होते.

आर्वो : दर उन्हाळ्यात. आणि मी बघत होतो.

सिल्वी : काका, वीस वर्षं हे काम करतेय मी. लोक येतात, एखादी तारीख सापडली तरी खूश होऊन जातात. असं कधी झालं नव्हतं.

हेल्का : दादा, मी दगडाचा हट्ट नाही धरणार आता. तू बाबांना शब्द दिलायस, तो तुझा तू बघ. हे आपल्याला कळलं, मला तेवढं पुरे आहे.

आर्वो : दगडवाल्याचा फोन नंबर आहे का तुझ्याकडे?

हेल्का : आहे की. का?

आर्वो : मी शब्द दिला तो पोराला टाकून गेलेल्या माणसाबद्दल. तसा माणूस नव्हताच. बाबा आज इथे बसले असते, तर त्यांनी स्वतः जाऊन दगड निवडला असता. तू फोन कर. नाव बाबांच्या वर घालायला सांग.

हेल्का : आडनाव काय सांगू? लुओमा की पेर्तुला?

आर्वो : पेर्तुला. बाबांच्या नावापुढे लुओमा राहू दे, आणि त्याच्या नावापुढे त्याचंच. कुणी विचारत आलं, तर सापडला पाहिजे.

सिल्वी : मी लिहून देते तारखा. काका, कॉफी गार झाली, दुसरी ओतते. अहो, उठलात कुठे?

हेल्का : दादा, कोट कशाला घालतोयस? कमरेएवढं बर्फ आहे तिकडे. मेमध्ये जाऊ ना.

आर्वो : फावडं गाडीतच आहे.

हेल्का : अरे, पण सगळं झाकलेलं असणार. खुंटी दिसायचीसुद्धा नाही.

आर्वो : मला ती दिसावी लागत नाही.