सायकलींची वहिवाट

बाभळीचा काटा. शनिवारचा बाजार. हवा गेलेलं चाक. उकळता चहा.

काष्टीच्या पंक्चरवाल्याकडे पुण्याचा अवधूत सायकल घेऊन थांबला होता. मागच्या बाकावर मनकर्णाबाई सुनेशी बोलत होत्या.

“भाऊजींनी मुरमाच्या वाटंवर पुन्यांदा काटं टाकलं, मोनिका.”

“मंग आपल्या रानात जायचं कुठनं, आत्या?”

“तितनंच. सोमवारी तहसीलदार येनार हायती, वाट चालू हाय का बघाया.”

“बंद हाय म्हनले तर?”

“कसं म्हनतील? दर रयवारी ती सायकलवाली पोरं जात्यात की! उद्याच्या चाकांच्या खुना दावू त्यास्नी.”

“ती टोपडी घातलेली?”

“हसू नगं. देवावानी येत्यात.”

अवधूतने खिशातून मोबाईल काढला.

काट्यांमुळे उद्या डांबरी रस्त्यानेच जायचं, असं त्याने सकाळीच आपल्या रविवारच्या सगळ्या सायकलवाल्यांना कळवलं होतं.